चेहरा आहे तसा राहू द्या, डॉक्टरांना तोच लागतो

साध्या फोटोवरनं माणसाचा चेहरा थ्रीडीत उभा करता येतो हे आता नवीन राहिलेलं नाही, फोनमध्ये कुत्र्याचे कान लावणारे फिल्टर असतात ते आतल्या आत तेच करतात, चेहऱ्याचा उंचसखलपणा अंदाजानं काढतात आणि त्यावर कान बसवतात. पण हेच तंत्र मुलांमधले जन्मजात आजार ओळखायच्या संशोधनात वापरतात हे मला गेल्या काही वर्षांत कळलं आणि तेव्हापासनं त्यातलं जे मिळेल ते मी वाचत असते. मी डॉक्टर नाही, कॉम्प्युटरवाली पण नाही. सोलापुरात बाळीवेशीजवळ आमचा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांनी सुरू केलेला, आता मी बघते. दिवसभर चेहरे बघणं हाच धंदा आहे. आणि मला मनापासून वाटतं की या विषयात फोटोवाल्यांनी बोलायला पाहिजे, कारण या सगळ्या संशोधनाचा कच्चा माल म्हणजे फोटो, आणि तो घरच्यांच्या हातात पडेपर्यंत त्यातलं कामाचं बरंच काही पुसलेलं असतं.

आधी हे सांगते की आतला आजार चेहऱ्यावर का दिसतो. आईच्या पोटात साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्यात बाळाचा चेहरा घडतो, वेगवेगळ्या बाजूंनी आलेले उंचवटे मध्ये येऊन जुळतात, आणि चेहऱ्याची हाडं ज्या जातीच्या पेशींपासून होतात त्याच पेशी हृदयातनं निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या घडणीत पण असतात. मग एखाद्या जीनमध्ये बिघाड असला की तो दोन्हीकडं दिसू शकतो. जनुकीय आजारांपैकी अंदाजे ३० ते ४० टक्के आजारांत चेहऱ्याच्या किंवा डोक्याच्या ठेवणीत काहीतरी फरक असतो असं मानतात. डाउन सिंड्रोम आपल्यातले बरेच जण ओळखतात, डोळ्यांचे बाहेरचे कोपरे वर गेलेले, नाकाचा वरचा भाग बसका. पण दुर्मिळ आजार म्हणजे सात हजारांच्या आसपास आहेत आणि त्यातले कितीतरी असे की साध्या डॉक्टरला आख्ख्या आयुष्यात एखादा पेशंट दिसला तर दिसला. जेनेटिक्सचे अनुभवी डॉक्टर मूल दारातनं आत येतानाच ओळखतात म्हणे, पण ते डॉक्टर आहेत किती आणि बसतात कुठं? आपल्याकडं सोलापूरला धाराशिव, विजापूर, कलबुर्गीपासनं लोक दवाखान्यासाठी येतात, आणि हा विषय निघाला की सोलापूरकरांना पुढं पुणे, मुंबई नाहीतर हैदराबाद गाठावं लागतं.

माझ्या मावसबहिणीचं असंच झालं. तिचा मुलगा म्हणजे इतकं हसरं पोरगं की अनोळखी माणसाच्या पण गळ्यात पडायचं, लग्नात बँड वाजला की पुढं जाऊन उभं राहायचं आणि मिक्सर लावला की मात्र कान दाबून रडायचं. लहान असताना दूध नीट पीत नव्हता, वजन वाढत नव्हतं, चालायला उशीर झाला. एका दवाखान्यात हृदयात आवाज येतोय म्हणाले, दुसरीकडं म्हणाले काही नाही, आईच्या वळणावर गेलाय, वाढेल. अशी वर्षं गेली. शेवटी पुण्याला जेनेटिक्सच्या एका मॅडमनी तपासलं आणि म्हणाल्या, जन्मापासूनचे जेवढे फोटो असतील तेवढे घेऊन या.

ती माझ्याकडं आली. मोबाईल, पेनड्राइव्ह, बारशाचा अल्बम, सगळं पिशवीत घालून. आम्ही दोघी स्टुडिओत बसलो आणि एकेक फोटो मोठ्या स्क्रीनवर लावला. आणि खरं सांगते, एकेकटा फोटो बघताना काही वाटत नाही, गोड पोरगं दिसतं, पण वयाप्रमाणे ओळीनं लावले की दिसायला लागतं. डोळ्यांभोवती कायम थोडी सूज, नाकाचा शेंडा वर उचललेला, नाक आणि ओठ यांच्या मधली खोबण लांब, तोंड रुंद, ओठ भरलेले, हनुवटी लहान. प्रत्येक फोटोत तेच. फक्त पहिल्या वाढदिवसाचा एक मोठा लॅमिनेट केलेला फोटो होता त्यात नव्हतं. बहीण म्हणाली, "अक्का, ह्यात डोळ्याखालचं काहीच दिसंना की." दिसणार कसं, तो दुसऱ्या एका स्टुडिओत काढलेला होता, डोळ्याखालची सूज ब्रशनं सपाट केलेली, ओठ कडेनं बारीक केलेले, रंग दोन शेड उजळलेला. पुण्याच्या मॅडमनी नेमका तोच फोटो बाजूला ठेवला आणि म्हणाल्या याचा उपयोग नाही, बाकीचे द्या.

निदान विल्यम्स सिंड्रोम निघालं, रक्ताच्या तपासणीत पक्कं झालं. सातव्या क्रोमोसोमच्या जोडीतल्या एकावरचा छोटा तुकडाच नसतो, त्या तुकड्यात इलॅस्टिनचा, म्हणजे रक्तवाहिन्यांना लवचिक ठेवणाऱ्या प्रोटीनचा जीन असतो, म्हणून हृदयातनं निघणारी मोठी नळी झडपेच्या जरा वर अरुंद होऊ शकते. साधारण साडेसात ते दहा हजारांत एका मुलाला होतो. आता त्याचा नियमानं इको होतो, कॅल्शियम बघतात, शाळेत काय करायचं ते माहिती आहे. हे सगळं काही वर्षं आधी होऊ शकलं असतं, कारण फोटो तर तेव्हाही होतेच.

आता कॉम्प्युटरकडं येते. एका सपाट फोटोवरनं थ्रीडी चेहरा काढायची जी पद्धत सगळ्यांचा पाया ठरली ती १९९९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत फोल्कर ब्लान्झ आणि थॉमस फेटर यांनी मांडली. त्यांनी २०० तरुण माणसांचे चेहरे लेझरनं स्कॅन केले, १०० पुरुष, १०० बायका, केस मध्ये येऊ नयेत म्हणून डोक्यावर पोहायची टोपी घालून. प्रत्येक चेहऱ्यावर सुमारे ७०,००० बिंदू. मग सगळ्यांचा मिळून एक सरासरी चेहरा काढला आणि माणसं या सरासरीपासनं कुठल्या कुठल्या दिशेनं वेगळी होतात ते गणितानं शोधलं. सोलापूरवाल्यांना हे समजायला सोपं आहे, जॅकार्डच्या मागावर ताणा तोच असतो, माग तोच असतो, भोकं पाडलेली कार्डं बदलली की चादरीवरचं फूल बदलतं. तसं इथं सरासरी चेहरा तोच, वरनं काही आकडे बदलले की वेगळा माणूस तयार होतो, यालाच मॉडेल म्हणतात. मग फोटो दिला की कॉम्प्युटर ते आकडे फिरवत राहतो, चेहरा फिरवतो, उजेड इकडनं तिकडं टाकतो, कॅमेरा पुढंमागं करतो, आणि बनवलेला चेहरा फोटोसारखा दिसेपर्यंत थांबत नाही. आता नव्या पद्धतीत न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणं बघून शिकणारं सॉफ्टवेअर, हेच काम क्षणात करतं, पण आत खोलवर बऱ्याच ठिकाणी अजून असंच मॉडेल असतं.

थ्रीडीच कशाला, फोटोवरच माप घ्या की, असं कुणी म्हणेल. तर लहान मूल कधी कॅमेऱ्याकडं सरळ बघतं का? स्टुडिओत खुळखुळा वाजवून वाजवून आमचा हात दुखतो. घरच्या अल्बममध्ये तर एक फोटो बाजूनं, एक वरनं, एकात रडतंय, एकात तोंडात पेढा. मान जरा वळली की दोन डोळ्यांतलं अंतर फोटोत कमी भरतं, हसलं की नाकाखालची खोबण ताणून सपाट होते. थ्रीडी मॉडेलमध्ये मान किती वळली, हसू किती आहे, उजेड कुठनं आहे आणि मूळ चेहरा कसा आहे, हे वेगवेगळं करून ठेवता येतं, निदान तसा प्रयत्न करता येतो. आणि एकाच मुलाचे त्याच वयातले बरेच फोटो असतील तर कॉम्प्युटरला सांगता येतं की बाबा मान, उजेड, हसू प्रत्येक फोटोत वेगळं असू दे पण चेहऱ्याचे आकडे सगळ्यांत एकच धर. मग एका फोटोत जे झाकलंय ते दुसऱ्यातनं भरून निघतं. म्हणून त्या बारशाच्या अल्बममधल्या अर्धवट, हललेल्या फोटोंना पण किंमत आहे.

आता फोटोवाली म्हणून मला जिथं सगळ्यात जास्त बोलायचंय ते. फोटोत खोली नसते. जवळनं काढलेला फोटो आणि लांबनं झूम करून काढलेला फोटो यात एकाच माणसाचं नाक वेगळं दिसतं. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलं की १२ इंचावरनं सेल्फी काढला तर पाच फुटांवरनं काढलेल्या फोटोच्या मानानं नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. तीस टक्के! आणि इथं तर नाक बसकं आहे का, रुंद आहे का यावरच आजाराचा अंदाज बांधायचाय. कॉम्प्युटरला कॅमेरा किती लांब होता, लेन्स कुठली होती ते माहिती नसलं तर तो अंदाज करतो आणि अंदाज चुकला की नाकाची उंची चुकते, कपाळाचा उतार चुकतो. लेन्सची माहिती खरं तर मूळ फाईलमध्येच लिहिलेली असते, पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ती माहिती पण जाते आणि बारीक तपशील पण. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते.

दुसरी गोष्ट मापाची. फोटोवरनं चेहरा खरंच किती सेंटिमीटरचा आहे हे कळत नाही, लहान चेहरा जवळ आणि मोठा चेहरा लांब, दोन्ही सारखेच दिसतात. यावर एक सुंदर उपाय आहे, डोळ्यातलं रंगीत बुबुळ. मोठ्या माणसांत त्याची आडवी रुंदी जवळपास सगळ्यांची ११.७ मिलिमीटर असते, अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं. म्हणजे फोटोत आपोआप एक फूटपट्टी असतेच. हे वाचल्यापासनं मी पासपोर्ट फोटो काढताना पण डोळ्यांचा फोकस दोनदा बघते. अर्थात चष्म्यावर रिंगलाइटचा गोल आला किंवा कुणी ब्यूटी मोडनं डोळे मोठे केले तर ती फूटपट्टीच खोटी झाली.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हे जे सरासरी चेहऱ्यावर उभं राहिलेलं मॉडेल आहे ते शंका आली की सरासरीकडं झुकतं. फोटो अस्पष्ट आहे, अर्धा चेहरा अंधारात आहे, तर मॉडेल म्हणतं इथं नेहमीसारखंच असेल. खेळात, सिनेमात याचा फायदाच होतो, चेहरा भलताच वेडावाकडा होत नाही. पण ज्या मुलाचा चेहरा सरासरीपेक्षा वेगळा आहे म्हणूनच तो आपण तपासतोय, त्याचाच वेगळेपणा मॉडेल हळूच पुसून टाकतं. निरोगी तरुण माणसांवर शिकलेल्या मॉडेलला दोन वर्षांच्या आजारी बाळाची लहान हनुवटी दिसली तर ते ती थोडी पुढं ओढणार. म्हणजे आम्ही स्टुडिओत जे ब्रशनं करतो ते इथं गणित करतं. आमच्याकडं काउंटरवर रोजचं वाक्य आहे, "ताई, जरा गोरं करा की ओ, नाक जरा सरळ करा." लोकांचा दोष नाही, स्थळाला फोटो पाठवायचा असतो, लोक त्यावरनं माणूस ठरवतात. पण दवाखान्याच्या फाईलमध्ये जाणारा चेहरा वेगळा आणि स्थळाला जाणारा वेगळा हे डोक्यात पक्कं असायला पाहिजे. म्हणून संशोधक आता लहान बाळांचं वेगळं मॉडेल करतात, बार्सिलोनाच्या एका विद्यापीठात असं काम झालंय.

सरासरी कुणाची, हा प्रश्न त्याच्याही पुढचा. २००९ चं स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठाचं मॉडेल जगभर वापरलं गेलं, त्यात पण २००च माणसं आणि बहुतेक सगळी युरोपियन. मग लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजनं २०१६ साली मोठं मॉडेल आणलं, ९,६६३ माणसांचं. ते चेहरे आले कुठनं तर लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आलेल्या साध्या लोकांनी हौसेनं आणि परवानगी देऊन स्कॅन करून घेतले. मला हे फार आवडलं. पण त्यातही पाचातली चार माणसं गोरीच होती. आणि याचा परिणाम खरोखरचा आहे, २०१७ साली एका अभ्यासात डाउन सिंड्रोमची बेल्जियममधली मुलं आणि काँगोमधली मुलं चेहऱ्यावरनं आजार ओळखणाऱ्या एकाच सॉफ्टवेअरला दाखवली, तर बेल्जियमची ८० टक्के ओळखली आणि काँगोची ३७ टक्के सुद्धा नाही. मग सॉफ्टवेअरला काँगोच्या मुलांचे फोटो शिकवले आणि ओळखण्याचं प्रमाण खूप वाढलं. म्हणजे यंत्राला कळत नव्हतं असं नाही, त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

आता आपल्या गावाचा विचार करा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत एक तास उभं राहा, मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारे चेहरे तुमच्यासमोरनं जातील, काळे, सावळे, गोरे, रुंद नाकाचे, सरळ नाकाचे. पूर्व भागातल्या आणि अक्कलकोटकडच्या माणसांची ठेवण सुद्धा मला कॅमेऱ्यातनं वेगळी जाणवते. यातलं कुणी त्या २०० जणांत नाही. सावळ्या कातडीवर उजेड आणि रंग यांची गल्लत मॉडेल जास्त करतं, चेहऱ्यावर सावली आहे की रंगच गडद आहे हे त्याला ठरवता येत नाही. आणि गरज तर आपल्याला जास्तच आहे, कारण आपल्या भागात मामाची मुलगी करायची पद्धत आहे, काही घरांत मामा-भाचीचं पण लग्न होतं. कुणाला बोल लावायचा नाही मला, आमच्या घरात पण झालीत अशी लग्नं आणि सुखात आहेत. पण सख्ख्या मामे-आत्तेभावंडांचा आठवा हिस्सा जनुकं सारखी असतात, मामा-भाचीची चौथा हिस्सा, मग जो आजार आईकडनं आणि बापाकडनं दोन्हीकडनं सदोष जीन आला तरच होतो, त्याची शक्यता वाढते. अशा काही आजारांत चेहरा वयाप्रमाणे हळूहळू बदलत जातो, एमपीएस नावाच्या आजारांच्या गटात नाक, ओठ, जीभ जाड होत जातात, आणि अल्बम बघितल्याशिवाय हा बदल घरच्यांच्या लक्षात येत नाही कारण ते मुलाला रोज बघतात.

साध्या फोटोंवर हे होऊ शकतं हे पहिल्यांदा ठळकपणे दाखवलं २०१४ साली ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर नेलोकर, अँड्र्यू झिसरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आठ आजारांवर, दवाखान्यातले नाही तर साधेच फोटो घेऊन. त्याआधी लंडनचे पीटर हॅमंड खास थ्रीडी कॅमेरे वापरून एकेका आजाराचा सरासरी चेहरा काढायचे, पण तो कॅमेरा जिथं असेल तिथं मुलाला न्यावं लागायचं. २०१९ साली फेस टू जीन नावाच्या ॲपच्या लोकांनी १७,००० पेक्षा जास्त फोटोंवर शिकवलेलं सॉफ्टवेअर दाखवलं, ते सपाट फोटोवरच चालतं, थ्रीडी नाही, आणि त्यानं काढलेल्या पहिल्या दहा नावांत बरोबर आजार ९१ टक्के वेळा होता. म्हणजे दहा नावांतलं कुठलं तरी एक बरोबर, हे लक्षात ठेवा. कुठलंही ॲप निदान करत नाही, ते डॉक्टरला सांगतं की या बाजूला बघा, खात्री रक्ताच्या तपासणीनंच होते. कुणीतरी शेजाऱ्याच्या पोराचा फोटो ॲपमध्ये घालून आजार सांगायला लागलं तर त्याला मी स्वतः जाऊन रागवेन.

परवानगीचं पण बोलायला पाहिजे. थ्रीडी मॉडेलचा एक मोठा फायदा सांगतात की फोटो न देता नुसते आकडे देता येतात, किंवा पन्नास मुलांचा मिळून एक सरासरी चेहरा छापता येतो ज्यात कुठलंच मूल ओळखू येत नाही. सरासरी चेहऱ्याचं मला पटतं. आकड्यांचं पूर्ण पटत नाही, कारण चांगलं थ्रीडी मॉडेल असेल तर कातडीचा रंग काढला तरी आई आपलं मूल ओळखेल, मग दुसरं यंत्र का नाही ओळखणार. आपल्याकडं २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला आईबापाची खात्रीशीर संमती लागते असं आहे, ते चांगलंच आहे, पण सही घेताना नुसतं इथं सही करा म्हणून चालणार नाही. फोटो कुठं ठेवणार, दुसऱ्या देशात जाणार का, कंपनीला विकणार का, आणि उद्या काढून टाका म्हणलं तर काय होणार हे आईला कळेल अशा भाषेत, म्हणजे आपल्याकडं मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूमध्ये सांगायला पाहिजे. कारण फोटो काढून टाकला तरी त्यावरनं मॉडेल जे शिकलंय ते मॉडेलमध्ये राहतंच. हे ऐकून पण माझी बहीण द्यायला तयार झाली. म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या पोराला लवकर कळू दे."

तर ज्यांच्या घरात असं मूल आहे, किंवा डॉक्टरांनी फोटो आणा म्हणलंय, त्यांच्यासाठी एवढंच सांगते. दिवसा खिडकीसमोर मुलाला बसवा, ऊन थेट तोंडावर नको. फोन चारपाच फुटांवर धरा आणि तिथनं झूम करा, जवळ जाऊ नका. फोन मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर पाहिजे, वरनं नको. ब्यूटी मोड बंद, फिल्टर बंद. केस मागं घ्या, कान दिसू देत, काजळ आणि तीट त्या दिवशी लावू नका, चष्मा असेल तर काढा. तोंड मिटलेलं आणि न हसता एक समोरनं, दोन्ही बाजूंनी एकेक, आणि मधले तिरपे पण काढा, हसतानाचा वेगळा काढा. जुने फोटो असतील तर ते कधीचे ते मागं पेन्सिलीनं लिहून ठेवा, वयाशिवाय फोटोचा अर्धा उपयोग जातो. आणि स्टुडिओत काढले असतील तर छापलेल्या कॉपीवर थांबू नका, हात न लावलेली मूळ फाईल मागून घ्या. आम्ही आता लहान मुलांचा कुठलाही फोटो साफ करायच्या आधी मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये तारखेसकट ठेवतो, आणि गावातल्या बाकीच्या फोटोवाल्यांना पण माझी विनंती आहे की ठेवा, जागा फार लागत नाही.